चिलखत की रफू?
किरणांना पुरून उरणाऱ्या एका जंतूसंबंधी काही विचार

इसवी सन १९५६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, कॉर्वॅलिस येथील कृषिसंशोधन केंद्रात, आर्थर अँडरसन आणि त्यांचे सहकारी एका व्यावहारिक प्रश्नाचा शोध घेत होते. डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करता येईल काय, हा तो प्रश्न होय. सर्व ज्ञात जंतूंचा नाश करण्यास पुरेशी समजली जाणारी किरणांची मात्रा देऊनही मांस नासले. त्या नासक्या मांसात तांबूस-गुलाबी रंगाचा एक गोल जंतू सुखाने वाढत असलेला आढळला. त्यास प्रथम ‘मायक्रोकॉकस रेडिओड्युरन्स’ असे नाव मिळाले. १९८१ पासून तो ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ ह्या नावाने ओळखला जातो.

ह्या जंतूच्या सहनशक्तीची कल्पना यावी म्हणून काही आकडे पाहणे इष्ट ठरेल. शरीरात शोषलेल्या किरणांची मात्रा ‘ग्रे’ ह्या एककात मोजतात. मनुष्याच्या सर्वांगावर एकदम चारपाच ग्रे मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर त्याचे वाचणे कठीण असते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ‘एश्चेरिकिया कोलाय’ ह्या जंतूचा बहुतांश समुदाय काहीशे ग्रे मात्रेने नष्ट होतो. डायनोकॉकस मात्र पाच हजार ग्रे मात्रा सोसूनही जवळजवळ संपूर्णपणे जिवंत राहतो.

अशी वार्ता कानी आली की सामान्य माणसाच्या मनात जे पहिले चित्र उभे राहते, ते चिलखताचे. ह्या जंतूच्या अंगावर असे काही कवच असले पाहिजे की ज्यास भेदून किरण आत जाऊच शकत नाहीत, अशी समजूत सहज होते, आणि वृत्तपत्रांतील मथळे तीस खतपाणी घालतात. ही समजूत चुकीची आहे. ती निव्वळ चुकीची असती तर तिच्याविषयी इतके लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यातून लोकांच्या आशा, लोकांची भीती आणि लोकांच्या पैशाचा विनियोग ह्या तिन्ही गोष्टी वाकड्या वाटेला लागू शकतात. म्हणून ती दुरुस्त करणे अगत्याचे आहे.

किरण नेमके काय करतात?

प्रत्येक पेशीत डीएनए ह्या अतिशय लांब रेणूच्या रूपाने वंशपरंपरेचा लेख साठविलेला असतो. हा रेणू दोन पेडांच्या पीळदार दोरासारखा असतो. गॅमा किरण पेशीतून जाताना काही वेळा ह्या दोरावर सरळ आघात करतात. बहुधा ते पेशीतील पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यातून निर्माण झालेले अतिक्रियाशील मूलक आसपासच्या प्रत्येक वस्तूवर तुटून पडतात. एकच पेड तुटला तर दुसऱ्या पेडाच्या आधाराने त्याची दुरुस्ती बहुतेक सर्व पेशी करू शकतात. दोन्ही पेड एकाच ठिकाणी तुटले, म्हणजे मात्र दोराचे तुकडे होतात. लेखाचा क्रम हरवतो, आणि मोकळ्या टोकांना पेशीतीलच काही एन्झाइमे कुरतडू लागतात.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सारख्याच मात्रेखाली डायनोकॉकसाचा दोर जवळजवळ तितक्याच ठिकाणी तुटतो, जितक्या ठिकाणी कोलायचा तुटतो. सुमारे सात हजार ग्रे मात्रेनंतर त्याच्या सबंध वंशलेखाच्या चिंध्या झालेल्या असतात. हा लेख एकूण सुमारे तेहेतीस लक्ष क्षारक-जोड्यांचा असतो. आघातानंतर त्याचे वीसतीस हजार जोड्यांचे तुकडे तेवढे उरतात. कोणतेही चिलखत असते तर असे झाले नसते. विस्मयाची बाब पुढे आहे. तीनचार तासांत हे सर्व तुकडे जुळविले जाऊन मूळ लेख पुन्हा अखंड होतो, आणि तोही यथाक्रम होतो. वस्त्र फाटले नाही असे येथे घडत नाही. वस्त्र फाटते, आणि मग कुशल रफूगर त्यास असे जोडतात की कोठे फाटले होते हे ओळखूही येऊ नये.

रफूगरांची ओळख

हे रफूगर म्हणजे डीएनएला धरून ठेवणारी प्रथिने होत. त्यांची कामे निरनिराळी आहेत, आणि प्रत्येकाचे महत्त्व त्याच्या ठरलेल्या जागी आहे.

‘एचयू’ नावाचे प्रथिन शांततेच्या काळातही दोराशी संलग्न असते व त्यास आटोपशीर गुंडाळून ठेवते. कोलाय जंतू ह्या प्रथिनावाचून जगू शकतो. डायनोकॉकस मात्र जगू शकत नाही. दोर घट्ट गुंडाळलेला असल्यामुळे तुटलेली टोके फार दूर भरकटत नाहीत, असे अनेक संशोधकांचे मत आहे. आघात झाल्यावर ‘डीडीआरए’ हे प्रथिन एकेरी पेडाच्या उघड्या टोकाला चिकटते आणि कुरतडणाऱ्या एन्झाइमांपासून त्याचे रक्षण करते. ‘डीडीआरबी’ ह्या प्रथिनाचे पाच घटक मिळून एक कडे बनते. एकमेकांस पूरक असलेले एकेरी पेड समोरासमोर आणून जुळविणे हे त्याचे कार्य. ‘पीपीआरए’ दुहेरी टोकांना धरते आणि सांधा पक्का करणाऱ्या लायगेज ह्या एन्झाइमांच्या कार्यास गती देते. अखेर ‘रेकए’ हे प्रथिन लांब तुकड्यांची परस्परांशी गाठ घालून देऊन गुणसूत्राचे वर्तुळ पुरे करते.

ही जुळणी शक्य होते ती आणखी एका कारणाने. डायनोकॉकसाच्या एकाच पेशीत वंशलेखाच्या चार ते दहा प्रती असतात. एकाच पोथीच्या चार प्रती निरनिराळ्या ठिकाणी फाटल्या, तर एका प्रतीत जेथे ओळ तुटते तेथे दुसऱ्या प्रतीत ती सलग सापडते. धीर धरला तर सबंध पोथी पुन्हा लिहून काढता येते. पॅरिस येथे मिरोस्लाव्ह राडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच दाखवून दिले. एक तुकडा दुसऱ्या तुकड्याचा नमुना म्हणून उपयोग करून आपले टोक वाढवीत नेतो. वाढलेले एकेरी पेड आपल्या जोडीदाराशी जुळतात. आणि शेवटी रेकए उरलेले सांधे पुरे करते. तथापि केवळ प्रती असणे पुरेसे नाही. जोमाने वाढणाऱ्या कोलायच्या पेशीतही लेखाच्या अनेक प्रती असतात, आणि तरीही तो मरतो. पोथ्या आहेत, पण त्या जुळविणारा शास्त्री नाही, अशी त्याची अवस्था होते.

एकच नायक शोधण्याची खोड

येथे दुसऱ्या एका गैरसमजाकडे वळणे प्राप्त आहे. चिलखताची कल्पना सोडून दिली तरी मनुष्याचे मन एखादा एकमेव नायक शोधू पाहते. एखाद्या नव्या प्रथिनाचा शोध लागला की ‘हेच ते रहस्य’ अशी घोषणा होते. ‘डीडीआरसी’ ह्या प्रथिनाचे उदाहरण ताजे आहे. कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ह्या प्रथिनाची रचना आणि कार्यपद्धती प्रसिद्ध केली. ते दोरावर तुटीचा शोध घेते, आणि तूट सापडताच आपला आकार बदलून ती चिमट्यात धरल्यासारखी आवळून ठेवते. तेच प्रथिन कोलाय जंतूत घातले असता तो जंतू जंबुपार किरणांना पूर्वीपेक्षा चाळीस पटींहून अधिक पुरून उरला. संशोधन सुंदर आहे, ह्यात शंका नाही. परंतु लागलीच कर्करोगावरील लस आणि दुष्काळात तगणारी पिके ह्यांच्या आशा लोकांपुढे मांडल्या गेल्या.

अशा वेळी वाचकाने तीन साधे प्रश्न विचारावेत. प्रयोग कोणत्या किरणांचा होता? जंबुपार किरणांनी डीएनएला होणारी इजा मुख्यतः वेगळ्या प्रकारची असते. तेथील यश गॅमा किरणांपुढे तसेच्या तसे लागू होईल असे मानता येत नाही. प्रयोग कोणत्या जीवावर झाला? एकपेशीय जंतूवर झाला. अब्जावधी पेशींच्या मनुष्यदेहावर झालेला नाही. आणि तिसरा प्रश्न असा की, हे प्रथिन ज्यांच्या मेळात काम करते ते इतर साथीदार नव्या घरी असतील काय?

हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील मायकेल डॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असे दाखविले की, किरणांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या पेशीत लोहाच्या मानाने मँगॅनीज ह्या धातूचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. पुढे २००७ मध्ये त्यांनी ह्याचा अर्थही स्पष्ट केला. मँगॅनीजाची लहान संयुगे पेशीतील प्रथिनांना अतिक्रियाशील पदार्थांच्या माऱ्यापासून वाचवितात. दोर दोन्ही जंतूंचे सारखेच तुटतात. परंतु एकाच्या घरचे रफूगर त्याच हल्ल्यात जखमी होतात, तर दुसऱ्याच्या घरचे हातीपायी धड राहतात आणि कामाला लागतात. म्हणजे रफूगरांना तरी एका अर्थाने छत्र आहेच. परंतु ते छत्र फाटणाऱ्या वस्त्रावर धरलेले नाही, वस्त्र दुरुस्त करणाऱ्यांवर धरलेले आहे. कोणतेही एक प्रथिन उचलून ‘हेच कारण’ असे म्हणणे म्हणूनच अन्याय्य ठरते. प्रती, धरून ठेवणारी प्रथिने, सांधणारी एन्झाइमे आणि ह्या सर्वांचे रक्षण करणारी धातूची संयुगे, ह्या सर्वांच्या सहकार्याने हा जंतू वाचतो.

चिलखत हा शब्द कोठेच योग्य ठरणार नाही, असे मात्र नाही. जलअस्वल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यात ‘डीसप’ नावाचे प्रथिन आहे. ते डीएनएच्या गुंडाळीवर बसते आणि मूलकांचा मारा अडविते. जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये ते मानवी पेशींच्या संवर्धनात घातले, तेव्हा क्ष-किरणांनी होणारी इजा सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाली. ह्यास चिलखत म्हणण्यास हरकत नाही. परंतु पुढे तेच प्रथिन संवर्धित मज्जापेशींत घालून पाहिले असता, त्या पेशींच्या डीएनएला उलट इजा झाल्याचे आढळले. एका देहातील चिलखत दुसऱ्या देहात काचू शकते, हा धडा येथे मिळतो.

कोरड्या जमिनीचा वारसा

मग निसर्गाने हे सामर्थ्य ह्या जंतूला दिले कशासाठी? पृथ्वीवर मनुष्याला नैसर्गिक किरणांची वर्षभरात मिळणारी मात्रा साधारणतः काही सहस्रांश ग्रे एवढीच असते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटी वाळूच्या पट्ट्यात ती कित्येक पटींनी अधिक आहे. परंतु पाच हजार ग्रे मात्रेपुढे तीही नगण्य आहे. सर्वसाधारण ठिकाणी तेवढी मात्रा साठण्यास सुमारे वीस लक्ष वर्षे लागतील. जी आपत्ती कधी आलीच नाही तिच्यासाठी इतकी तयारी व्हावी, हे सयुक्तिक दिसत नाही.

ह्या कोड्याचे उत्तर लुइझियाना येथील जॉन बॅटिस्टा आणि व्हॅलेरी मॅटिमोर ह्यांनी १९९६ मध्ये दिले. किरणांपुढे दुबळे ठरणारे डायनोकॉकसाचे वाण त्यांनी वाळवून पाहिले. ते कोरडेपणापुढेही दुबळेच ठरले. पाणी नाहीसे झाले की पेशीतील डीएनए अनेक ठिकाणी तुटते, आणि पुन्हा ओल मिळताच पेशीला ते जुळवून घ्यावे लागते. ज्या जंतूला अवर्षण वारंवार सोसावे लागले, त्याच्या अंगी ही रफूची कला आली. किरणांचा मार तिने सहज सोसला, एवढेच. चैत्रवैशाखात भेगाळलेली जमीन पाहणाऱ्या ह्या देशाला ही गोष्ट समजण्यास अवघड जाऊ नये.

ह्यात विज्ञानाच्या कारभाराविषयीही एक बोध आहे. किरणप्रतिकाराचे संशोधन करणाऱ्याने कोरड्या मातीतील जंतूंचा अभ्यास करावा, असे कोणा मंडळाने आज्ञापत्रात लिहून दिले नसते. मांस टिकविण्याच्या खटाटोपात जंतू सापडला. जंतू वाळविण्याच्या खटाटोपात त्याच्या शक्तीचे मूळ सापडले. ‘ह्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न जनतेच्या पैशाने चालणाऱ्या संशोधनास विचारण्याचा जनतेला अधिकार आहे. परंतु उत्तर येत्या वर्षअखेर मिळालेच पाहिजे असा हट्ट धरणे म्हणजे पेरलेले बी रोज उकरून पाहण्यासारखे आहे. ह्याच हट्टापायी संशोधकांना आपल्या प्रत्येक निष्कर्षाला लस आणि पीक ह्यांच्या आश्वासनाची शेपटी जोडावी लागते, हेही विसरता कामा नये. अतिशयोक्तीचा दोष बोलणाऱ्याइतकाच तसे बोलण्यास भाग पाडणाऱ्याकडेही जातो.

भारतात काय घडत आहे?

ह्या विषयात आपला देश केवळ वाचक नाही. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डायनोकॉकसाच्या दुरुस्तीयंत्रणेवर आणि विशेषतः पीपीआरए प्रथिनावर अनेक वर्षे काम झाले आहे. त्याच केंद्रातील संशोधकांनी ह्या जंतूत एक परके जनुक घालून, त्याच्याकडून पाण्यात विरघळलेले युरेनियम साक्याच्या रूपाने वेगळे काढविले. हे कार्य २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, २००० साली, अमेरिकेत असाच जंतू पाऱ्याची विषारी संयुगे बदलण्यासाठी घडविण्यात आला होता.

येथेही शब्द जपून वापरले पाहिजेत. ‘जंतू किरणोत्सर्गी कचरा खातो’ असे म्हटले की लोकांचा समज होतो, कचरा नाहीसा झाला. परंतु किरणोत्सर्ग हा अणुगर्भाचा धर्म आहे. कोणताही जंतू तो शमवू शकत नाही. विखुरलेले युरेनियम एकत्र आणणे, ही मोठीच सेवा आहे. पण एकत्र आणलेल्या युरेनियमची राखण मनुष्यालाच करावी लागणार. जो नागरिक हे समजून आहे तो अशा योजनेला डोळस पाठिंबा देईल. ज्याला जादूचे आश्वासन मिळाले आहे, तो पहिल्या अपयशाबरोबर सबंध विज्ञानावर रुष्ट होईल.

दुसरे उदाहरण अन्नाचे आहे. नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे २००२ पासून कांद्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया करणारे केंद्र आहे. नवी मुंबईत वाशी येथे मसाल्याच्या पदार्थांसाठी तसेच केंद्र २००० मध्ये सुरू झाले. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून दिली जाणारी मात्रा शंभर ग्रे मात्रेच्या आसपास किंवा तीहून कमी असते; मसाल्यातील जंतू मारण्यासाठी काही हजार ग्रे लागतात. किरणांनी न मरणारा जंतू आहे हे ऐकून कोणी विचारील की, मग असे अन्न निर्धोक कसे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सरळ आहे. डायनोकॉकस मनुष्याला रोग करीत नाही. किरणांची मात्रा ठरविताना ज्यांच्यापासून माणसाला अपाय होतो ते जंतू डोळ्यांपुढे ठेवले जातात, आणि ते ह्या विलक्षण जंतूच्या मानाने पुष्कळच दुबळे असतात. भीतीचे निरसन ‘काही होत नाही’ अशा मोघम दिलाशाने होत नसते. ते आकड्यांनी आणि कारणांनी होते.

एक आक्षेप

असा आक्षेप घेतला जाईल की, सामान्य वाचकाला इतक्या बारकाव्यांची गरज नाही. ‘चिलखत’ हा शब्द सोपा आहे, चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि विज्ञानाची गोडी लागते. मग तपशिलात थोडी चूक झाली म्हणून काय बिघडले? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. उपमेवाचून विज्ञान लोकभाषेत उतरणारच नाही. परंतु उपमा जशी समजुतीला आधार देते, तशीच ती विचाराला दिशाही देते. चिलखत म्हटले की माणूस विचारतो, ‘ते मला कधी घालता येईल?’ रफू म्हटले की तो विचारतो, ‘फाटलेले कसे जुळते, आणि माझ्या देहात ते कधी चुकते?’ पहिल्या प्रश्नातून औषधविक्रेत्यांचे भले होईल. दुसऱ्यातून कर्करोगाचे खरे ज्ञान सुरू होते. कारण मनुष्याच्या पेशीतही तुटलेले डीएनए सांधणारी प्रथिने आहेत, आणि त्यांतील बीआरसीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनुकांच्या प्रथिनांत दोष आला असता स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेले आहे.

किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने तर हा भेद आणखी नाजूक आहे. त्या उपचाराचा हेतूच मुळी रोगट पेशींचे डीएनए तुटावे आणि सांधले जाऊ नये, हा असतो. रफूची कला वाढविणारे औषध उद्या खरोखरच हाती आले, तरी ते निरोगी पेशींना मिळावे आणि रोगट पेशींना मिळू नये, ही अट पाळावी लागेल. नाही तर औषधच रोगाची पाठराखण करील. ज्या घरात आजारी माणूस आहे, त्या घरात मथळा वाचून आशा पालवते आणि पुढे ती करपते. त्या वेदनेचा हिशेब कोणत्याही अहवालात नोंदला जात नाही. म्हणून विज्ञान सोपे करताना ते खोटे होऊ नये, ही जबाबदारी लिहिणाऱ्याची, भाषांतर करणाऱ्याची आणि छापणाऱ्याचीही आहे.

सारांश, नासलेल्या मांसात सापडलेल्या ह्या क्षुद्र जंतूने दाखविले ते असे की, आघात चुकविता आला नाही तरी जगणे शक्य असते. त्यासाठी लेखाच्या प्रती जपून ठेवाव्या लागतात, तुटलेली टोके कुरतडली जाण्याआधी धरून ठेवावी लागतात, आणि सर्वांत अगोदर दुरुस्ती करणाऱ्यांचे हात शाबूत राखावे लागतात. ह्या जंतूची थोरवी सांगण्यास एवढे पुरेसे आहे. त्यात चिलखताची भर घातल्याने ती वाढणार नाही.